क्रोनिनचं 'द सिटाडेल' आणि आपला खाणपट्टा: कादंबरीत डॉक्टरकी किती आणि कशी आणावी?

खाणपट्टा_वणी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वणी–घुग्घुस पट्ट्यावर एक कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ १९९२ ते १९९६. नवा एमबीबीएस झालेला नायक खाणीपासून दोन-तीन कोसांवरच्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकतो. गावातली निम्मी घरं कापसावर जगतात, निम्मी खाणीवर. मी स्वतः डॉक्टर असल्यामुळे माहितीची वानवा नाही. उलट माहितीच फार होते आणि प्रसंगाचं लेक्चर होऊन बसतं.

म्हणून ए. जे. क्रोनिन हा स्कॉटिश डॉक्टर-कादंबरीकार पुन्हा वाचायला काढला. त्याचं 'द सिटाडेल' वेल्समधल्या कोळशाच्या गावात सुरू होतं. त्यावरच विजय आनंदनं १९७१ मध्ये 'तेरे मेरे सपने' केला, त्यामुळे कथा अनेकांना ठाऊक असेल. जाणकारांनी हे सांगावं:

क्रोनिननं स्वतःच्या प्रॅक्टिसमधलं काय उचललं आणि काय बदललं? त्याचे वैद्यकीय प्रसंग कंटाळवाणे का होत नाहीत? आपल्या भागात, त्या काळात, असा प्रसंग उभा करायचा तर कुठले बारकावे अचूक हवेत? आणि पेशंटची ओळख कशी झाकायची? गाव लहान आहे, नाव बदलून भागत नाही.

---

जुनी_पुस्तकं (अमरावती)

डॉक्टरसाहेब, आधी क्रोनिनच्या आयुष्यातली सालं समोर ठेवा, म्हणजे काय कुठून आलं ते आपोआप दिसतं.

जन्म १९ जुलै १८९६, स्कॉटलंडमधलं कार्ड्रॉस. शिष्यवृत्तीवर ग्लासगो विद्यापीठात वैद्यकी, मधे पहिल्या महायुद्धात नौदलात, १९१९ ला पदवी. १९२१ ते १९२४ साउथ वेल्समधल्या ट्रेडीगर या खाणगावात नोकरी. १९२४ ला खाणींचा वैद्यकीय निरीक्षक. १९२५ ला एम.डी. त्यानंतर लंडनमध्ये स्वतःची प्रॅक्टिस, आणि ती चांगली चालली. १९३० मध्ये ड्युओडेनल अल्सरनं आडवा झाला. सक्तीची विश्रांती घ्यायला स्कॉटलंडमध्ये लॉक फाइनच्या काठी डॅलचेना फार्मवर गेला आणि तिथे सुमारे तीन महिन्यांत 'हॅटर्स कॅसल' लिहून काढली. १९३१ ला गोलान्झ या प्रकाशकानं ती छापली. तिला असं यश मिळालं की तो डॉक्टरकीकडे परत फिरलाच नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ही पहिली कादंबरी डॉक्टरची नाहीच. ती एका हेकेखोर टोपीवाल्या दुकानदाराची आणि त्याच्या घराच्या नाशाची आहे. १९३५ ची 'द स्टार्स लुक डाउन' खाणींवर आहे, पण केंद्रस्थानी डॉक्टर नाही. 'द सिटाडेल' आली १९३७ मध्ये, म्हणजे ट्रेडीगर सोडून तेरा वर्षं झाल्यावर. ज्या अनुभवाच्या सगळ्यांत जवळ होता त्याला त्यानं सगळ्यांत उशिरा हात घातला, तोवर कादंबरी बांधायचा हात तयार झाला होता. तुमचं लेक्चर होतंय याचं एक कारण हेच असणार. साहित्य अजून गरम आहे आणि प्रत्येक केस महत्त्वाची वाटते आहे.

काय बदललं ते पाहा. नायक अँड्र्यू मॅन्सन वेल्समध्ये उतरतो ऑक्टोबर १९२४ मध्ये. क्रोनिननं ट्रेडीगर सोडलं त्याच वर्षी त्याचा नायक खाणीच्या प्रदेशात येतो. क्रोनिनची बायको ॲग्नेस मेरी गिब्सन हिचंही शिक्षण वैद्यकीचं. नायकाची बायको क्रिस्टीन मात्र गावातली शाळामास्तरीण आहे. हा बदल फार हुशारीचा. घरात दुसरा डॉक्टर असता तर जेवताना केसेसवर चर्चा झाली असती. शाळामास्तरीण असल्यामुळे ज्याच्या घरात गोवर आहे अशा पोराला शाळेत बसू द्यायचं की नाही यावरून दोघांची पहिलीच गाठ भांडणाची पडते, आणि रोगाचा प्रश्न थेट गावाचा प्रश्न होतो. क्रोनिनचा एम.डी.चा प्रबंध ॲन्युरिझमच्या, म्हणजे रक्तवाहिनीला येणाऱ्या फुगवट्याच्या, इतिहासावर होता, नायकाचं संशोधन मात्र खाणीतल्या धुळीवर. ती धूळ कुठून आली? निरीक्षक असतानाच्या कामातून. १९२६ मध्ये हेमेटाइट खाणकामगारांच्या फुफ्फुसात जाणाऱ्या धुळीवर क्रोनिनचा लेख प्रसिद्ध झाला होता. हेमेटाइट म्हणजे लोखंडाचं खनिज. कादंबरीत त्यानं ते काम कोळशाच्या खाणीत आणून बसवलं.

प्रसंग कंटाळवाणे का होत नाहीत, यावर माझं ठाम मत आहे: त्याच्या प्रत्येक वैद्यकीय प्रसंगाच्या मागे पैशाची व्यवस्था उभी असते आणि ती त्यानं नीट समजावून दिलेली असते. जो मॉर्गनच्या बायकोचं बाळंतपण आठवा. बाळ मेलेलं जन्मलं असं समजून सुईणीनं ते पलंगाखाली सारलेलं. मॅन्सन ते ओढून काढतो, गरम आणि थंड पाण्यात आळीपाळीनं बुडवतो, चोळतो, छाती दाबत राहतो. तो काय करतोय हे दिसतं, का करतोय यावर एक ओळही व्याख्यान नाही, आणि आई तिकडे वेगळी सांभाळायची आहे. पण प्रसंग तिथे संपत नाही. जो मॉर्गन कृतज्ञतेनं पाच गिनींचा चेक देतो. मॅन्सन ज्याच्या जागी काम करतो तो डॉक्टर पेज अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, आणि सगळा पैसा हातात ठेवणारी मिसेस पेज त्या चेकवरून त्याच्यावर चोरीचा आळ घेते. बाळ वाचवल्याबद्दल त्याची नोकरी जाते. वैद्यकीय कृती हा प्रसंगाचा अर्धाच भाग होता.

दुसरं उदाहरण नाल्याचं. गावात विषमज्वर फिरतोय, सांडपाण्याची फुटकी वाहिनी विहिरींत पाझरतेय, अर्ज करून कोणी हलत नाही. शेवटी मॅन्सन आणि त्याचा डॉक्टर मित्र डेनी रात्री डायनामाइट लावून ती वाहिनी उडवतात, म्हणजे नवी बांधण्यावाचून गत्यंतर उरू नये. इथे रोगाचं कारण जमिनीखाली आहे आणि ते कारण दुरुस्त करणं कुणाच्या तरी खर्चाचं आहे. संघर्ष या दोन गोष्टींतूनच निघतो, त्याला खलनायक लागत नाही.

आणखी एक, कारण ही गोष्ट लोक फार सैलपणे सांगतात. 'द सिटाडेल'मुळे ब्रिटनची आरोग्यसेवा आली असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. ट्रेडीगरला खाणकामगारांची स्वतःची मेडिकल एड सोसायटी होती, मजुरीतून वर्गणी कापून डॉक्टर नेमले जात. त्याच गावचा अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पण कादंबरीत क्रोनिननं अशाच सोसायटीचे दोषही उघडे केले आहेत: हाताखालच्या डॉक्टरांच्या पगारातून वाटा खाणारा मुख्य डॉक्टर, खोटं आजारपणाचं सर्टिफिकेट नाकारलं म्हणून डॉक्टरच्या विरोधात लोकांना फितवणारा बेन चेन्किन, आणि परवान्याशिवाय गिनीपिगवर प्रयोग केले म्हणून नायकाची चौकशी लावणारी समिती. जी व्यवस्था पुढे देशाला उपयोगी पडली तिच्याही आतली माणसं त्यानं सोडली नाहीत. माझ्या मते तीच कादंबरीची ताकद आहे. लंडनचा उत्तरार्ध मला कमी पटतो. क्रिस्टीनचा बसखाली मृत्यू कथेला सोयीचा म्हणून आलेला वाटतो.

तुमच्या नायकाची मिळकत आधी मांडा. १९९२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, आणि त्याचे चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) उशिरा यायचे. म्हणजे जुलैत ताप घेऊन आलेल्या घराची उधारी संक्रांतीच्या आसपास फिटणार, तीही बियाण्या-खताचं देणं वळतं करून उरलं तर. खाणीवरच्या घरात मात्र महिन्याला पगार. एकाच बाकावर बसलेले दोन पेशंट, एकाकडे रोख आणि दुसऱ्याकडे वही. कुणाला कोणतं औषध लिहिलं जातं, कोण पूर्ण कोर्स घेतो आणि कोण तीन दिवसांत थांबतो, हे त्या वहीवरून ठरतं. ती वही नीट लिहिलीत तर तुमचं लेक्चर आपोआप गळून पडेल.

---

एक्सरे_चंद्रपूर

वरच्या उत्तराला जोडून धुळीबद्दल. इथे क्रोनिनचं नुसतं अनुकरण केलं तर चूक होईल. त्याच्या खाणी भूमिगत होत्या. तुमच्या पट्ट्यात त्या काळात भूमिगत आणि ओपनकास्ट (वरून उघडून खोदलेल्या) दोन्ही होत्या, आणि धोका कुणाला हे त्यावरून बदलतं.

कोळशाची धूळ आणि सिलिकाची धूळ एकच समजू नका. जास्त नुकसान करतो तो दगडातला मोकळा स्फटिकरूप सिलिका. आपल्याकडे कोळशावर 'कामठी' नावाच्या थराचा वाळूचा दगड आहे, तो फोडूनच खाली जावं लागतं. म्हणून ओपनकास्टमध्ये ओबीवर, म्हणजे कोळशावरच्या दगड-मातीच्या थरात, सुरुंगाची भोकं पाडणारा ड्रिलर हा कोळसा भरणाऱ्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. भूमिगत खाणीत दगडातून रस्ता काढणाऱ्याचंही तसंच. राजूरकडची चुनाभट्टी दाखवणार असाल तर तिथली धूळ डोळे आणि घसा जाळते, खोकला आणते, पण भट्टीवरच्या माणसाला सरसकट सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग) देऊन टाकू नका.

फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण साधारण पाच मायक्रॉनहून बारीक. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. डंपरमागे उठणारा लोट भयंकर दिसतो, पण त्यातला मोठा भाग नाकातच अडतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा दिसणारी धूळ अडवतो, न दिसणारी आत जाऊ देतो. पाणी मारून ड्रिलिंग करणं हा खरा उपाय. उन्हाळ्यात टँकर चुकला की सगळ्यांत आधी तेच बंद पडतं.

नायकाला निदान सहज लागू देऊ नका. जुनाट सिलिकोसिसला साधारण दहा वर्षांहून जास्त संपर्क लागतो. माणूस येतो तो धाप आणि कोरडा खोकला घेऊन. एक्सरेत दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त, बारीक गोल ठिपके. असा फोटो दिसला की टीबी लिहून मोकळं व्हायचं ही सर्रास चूक. थुंकीत जंतू सापडत नाहीत, गोळ्या सहा महिने चालतात, लघवी लाल होते, धाप तशीच. आणि गुंता इथेच आहे: सिलिका साठलेल्या फुफ्फुसाला टीबी होण्याचा धोकाही बराच जास्त असतो. म्हणजे "हा टीबी नाही" असं छातीठोक सांगणारा तुमचा नायक पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या बाबतीत उघडा पडू शकतो. कादंबरीला याहून चांगलं वळण मिळणार नाही.

एक्सरेचं वाचन अचूक हवं असेल तर आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) वर्गीकरण वापरा. गोल ठिपक्यांना आकारानुसार पी, क्यू, आर म्हणतात: दीड मिलिमीटरपर्यंत पी, दीड ते तीन क्यू, तीन ते दहा आर. दाटी ० ते ३. तुमच्या कामाचा आकडा आहे एक-शून्य, म्हणजे वाचणाऱ्यानं १ ठरवलं पण ० चाही गांभीर्यानं विचार केला. भरपाईच्या प्रकरणात सगळी लढाई याच सीमेवर होते.

कायदा त्या काळातला घ्या. १९५२ च्या खाण कायद्याच्या २५ व्या कलमात अधिसूचित व्यवसायजन्य रोगांची खबर द्यायची तरतूद होती, आणि ती फक्त खाणमालकावर नव्हती. उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही मुख्य निरीक्षकाला कळवावं लागे. तुमचा खेड्यातला खासगी डॉक्टर या कलमाखाली येतो, आणि बहुतेकदा त्याला ते माहीतच नसतं. १९५५ च्या नियमांप्रमाणे कामगाराची वैद्यकीय तपासणी दर पाच वर्षांनी, तिचं सर्टिफिकेट फॉर्म ओ. भरपाई १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतून. पण हे सगळं ज्याचं नाव बी फॉर्मच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे खाणीच्या कामगार-नोंदवहीत, आहे त्याच्यासाठी. ठेकेदाराकडे आज इथे आणि उद्या तिथे काम केलेल्या माणसानं दहा वर्षं धूळ खाल्ली हे सिद्ध कोणत्या कागदावर करायचं?

एक वस्तू जवळून दाखवा: एक्सरेची फिल्म. तुमच्या नायकाकडे मशीन नसणार, पेशंट वणीला किंवा चंद्रपूरला जाऊन काढून आणणार. फिल्म तपकिरी पाकिटात, कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांचा ठसा, त्यात आर की एल हे आधी बघायचं, कारण उलटी धरली तर हृदय उजवीकडे दिसतं. घरी ती ट्रंकेत तळाशी किंवा गादीखाली जाते. पावसाळ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या की ओढून काढताना वरचा थर सोलून निघतो. डार्करूमवाल्यानं घाई केली असेल आणि फिक्सर (फोटो पक्का करणारं रसायन) वाहत्या पाण्यात पुरता धुतला गेला नसेल, तर काही वर्षांत फिल्म पिवळी-तपकिरी पडते. तक्रार दाखल होईपर्यंत पुरावाच डागाळलेला. शिवाय श्वास अर्धवट घेऊन काढलेल्या फोटोत फुफ्फुसाचा तळ दाट दिसतो, तो रोग नसतो. समोरचा वकील यावर बोट ठेवील.

---

पीएचसी_पांढरकवडा

खाणीचं वरच्यांनी सांगितलं, मी कापसाच्या घरांचं सांगतो. दोन प्रसंग तुम्ही टाळूच शकत नाही, फवारणीची बाधा आणि साप.

फवारणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर, पऱ्हाटी (कापसाची झाडं) छातीएवढी झाली की फवारा थेट तोंडावर येतो. १९९२ मध्ये पाठीवरचा हातपंप, झाकणाचं वायसर झिजलेलं, औषध पाठीवर गळतंय, सदरा भिजलेला. बाधा होते ती बरीचशी कातडीतून, म्हणून पहिलं काम सुई नव्हे: कपडे उतरवा, साबणपाण्यानं अंग, केस, नखं धुवा. नवशिक्या लेखकाच्या प्रसंगात हे हमखास राहतं आणि भिजल्या सदऱ्यासकट सलाईन लागतं. धुणाऱ्या नातेवाइकालाही बाधा होऊ शकते.

ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची लक्षणं तुम्हाला सांगायला नकोत: लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत घरघर. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, त्याची ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमची. आजची रीत म्हणजे तीन ते पाच ॲम्प्युलपासून सुरुवात आणि दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत. तीनपासून धरलं तरी ३, ६, १२, २४ म्हणजे चौथ्या डोसपर्यंत ४५ ॲम्प्युल. तुमच्या काळात दुपटीची पद्धत रुळलेली नव्हती, ठरावीक डोस पुन्हापुन्हा देत, पण साठा तितकाच लागे. खेड्यातल्या दवाखान्यात दहाचं एखादं पाकीट असतं. तेव्हा प्रसंग रोगाचा राहत नाही. ॲम्प्युल फोडून भरत राहायला माणूस कोण, आणि तालुक्याच्या मेडिकलला रात्री कोणाला पिटाळायचं, याचा होतो. एस.टी.ची मुक्कामी गाडी गावात उभी असते पण पहाटेपर्यंत हलत नाही.

चूक कुठे होते ते दाखवा. बाहुली मोठी झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवणं. छातीत अजून पाणी असतं, तासाभरात घरघर परत येते. उलट टोकाला अति झालं की माणूस बरळतो, चादरीचे धागे वेचत बसतो, अंग तापतं, आणि घरच्यांना वाटतं विष डोक्यात चढलं. तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. पेशंट सुधारतो, बोलतो, चहा मागतो. एक ते चार दिवसांच्या दरम्यान उशीवरून मान उचलता येईनाशी होते, आणि मग श्वास थकतो. घरी सोडायची घाई केलेली असेल तर तो शेतातल्या घरातच दगावतो. रोज सकाळी "मान उचलून दाखव" एवढं सांगणारा डॉक्टर दाखवलात की वाचक पुढे स्वतःच घाबरेल, समजावून सांगावं लागणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीनं माणसं गेली, तेव्हा हा विषय राज्यभर पोचला. तुमच्या काळात तो गावातच राहत असे, तेही लिहिताना लक्षात असू द्या.

साप. आपल्याकडे लोक साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, हे तुमच्या पात्रांच्या तोंडी असू द्या. घोणस आणि मण्यार यांचे प्रसंग वेगळे लिहा. घोणस चावली की सूज, वेदना, हिरड्यांतून रक्त. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, आणि चावल्याची खूण जवळपास नसतेच. पहाटे पोटात दुखतं, ओकाऱ्या होतात, मग पापण्या जड. अपचन समजून सोड्याचं पाणी दिलं जातं.

रक्त गोठतं की नाही हे बघायला कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं २ मिलि रक्त, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करून बघायचं. प्लास्टिकची नळी किंवा साबणानं धुतलेली काच वापरली की निकाल खोटा येतो. मधेच हलवली तरी. ही चाचणी आपल्याकडे रूढ झाली ती पुढे, २००७ च्या राष्ट्रीय नियमावलीनंतर. तुमचा नायक वाचणारा असेल तर १९९३ मध्येही करू शकतो, पण ती 'नेहमीची' म्हणून लिहू नका. उलट त्या काळी दिसणाऱ्या पण आज न करण्याच्या गोष्टी लिहा: प्रतिविषाआधी कातडीवर टेस्ट डोस, आणि मांडीला करकचून बांधलेली दोरी. ती दोरी दवाखान्यात एकदम सोडली की अडवलेलं विष एकदम वर चढतं, हे अनुभवी कंपाउंडरला ठाऊक असतं.

प्रतिविष पावडरीच्या कुप्यांत असेल तर प्रत्येक कुपीत १० मिलि पाणी घालून ती हातात हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. दहा कुप्या अशा विरघळवायला वेळ लागतो, तेवढ्यात दारात साठ माणसं जमलेली असतात. द्रवरूप असेल तर फ्रिज लागतो, आणि वीज गेलेल्या गावात त्याचा भरवसा नाही. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. बापाला हे पटत नाही. रिअॅक्शन आली तर सलाईन थांबवून ॲड्रिनॅलिन अर्धा मिलि मांडीच्या स्नायूत. ते आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं दाखवा, म्हणजे डॉक्टर जाणता आहे हे न सांगता कळेल.

बोलीचं एक. वणीकडची बोली अकोल्याच्या वऱ्हाडीसारखी सरसकट लिहू नका, तिच्यात पूर्वेकडची झाडीबोलीही मिसळते, आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरचा (वस्तीवरचा) माणूस मराठी अडखळत बोलतो. "काहून", "मले", "तुले" एवढ्यानं पात्र उभं राहत नाही. पेशंट दुखणं कसं सांगतो ते ऐका: "जीव घाबरते", "आंग मोडून येते".

---

कागदपत्र (वर्धा)

ओळख झाकण्याबद्दल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७.१४ प्रमाणे व्यवसायात कळलेली पेशंटची गुपितं उघड करता येत नाहीत, आणि ७.१७ मध्ये संमतीशिवाय ओळख पटेल असं छापायला मनाई आहे. कादंबरी आहे म्हणून हे सुटत नाही.

गावात माणूस ओळखला जातो तो नावावरून कमी आणि जोडावरून जास्त: खाणीवरचा, एक डोळा गेलेला, दोन बायकांचा. यांतले कोणतेही दोन तपशील एकत्र राहिले की ओळख पटली. म्हणून घटना तीच ठेवायची असेल तर माणूस बदला, म्हणजे लिंग, वय, धंदा आणि घराची जागा सगळंच. माणूस ठेवायचा असेल तर आजार बदला. पण आजार बदलताना जपा. सिकलसेलच्या जागी साधा पंडुरोग घातला तर कळा, सांध्यांचं दुखणं, लग्न मोडणं हे सगळं निराधार होतं. अशा वेळी दोन-तीन केसेस मोडून एक नवं कुटुंब बांधणं बरं. तारीख, अपघाताची पाळी, खाणीचं नाव यांतलं काहीही खरं नको. पेशंटच्या कागदांवरून थेट लिहू नका. केसपेपर बंद करून आठवणीतून लिहा, जे विसरलं ते बहुतेक लागतच नाही.

तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ बघा आणि छापण्याआधी वरिष्ठांना लेखी विचारून घ्या. खासगी असाल तर तो प्रश्न नाही.

वेळेचा हिशेब: क्रोनिनला तीन महिने मिळाले कारण तो आजारी होता आणि ओपीडी नव्हती. साठ हजार शब्द धरा. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला तीनशे शब्द, म्हणजे चाळीस आठवडे. पाऊसकाळात ओपीडी भरते, तेव्हा जुलै ते ऑक्टोबर फक्त जुनं सुधारायचं ठेवा. टाइप युनिकोडमध्येच करा. प्रकाशकाकडे मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की 'दुसऱ्या', 'पऱ्हाटी' अशा शब्दांतला र मोडतो, प्रुफात ते खास शोधा.

---

खाणपट्टा_वणी

सगळ्यांचे मनापासून आभार. उधारीची वही आणि एक्सरेची फिल्म दोन्ही घेतो. मिसेस पेजच्या जागी कोण, हेही त्यातूनच सुचलं: दवाखान्याची जागा आणि मेडिकल दुकान एकाच्याच मालकीचं.

एक राहिलं. नाला उडवण्याऐवजी माझ्याकडे गावविहीर आहे, कावीळ आणि हगवण त्यातून. तिथे नायकानं नेमकं काय करायचं? टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पद्धत बरोबर लिहायची आहे.

---

पीएचसी_पांढरकवडा

भाऊ, आधी विहिरीचं पाणी मोजा. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर धरली तर ३.१४ × ३ × ३ × ४ भागिले ४, म्हणजे २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. टीसीएल पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास. पावडर चांगली, ३३ टक्के क्लोरीनची असेल तरच हा हिशेब. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेली गोणी असेल तर तिच्यात चुनाच उरतो, वासही येत नाही. गावात "रोज टाकतो" म्हणतात आणि रोग थांबत नाही, त्याचं कारण बहुधा तीच गोणी.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून खीर करायची, मग बादली पाऊण भरेस्तोवर पाणी, पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवायची. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, दूर फेकायचा. निवळीची बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला फिरवायची. काठावरून ओतून दिलं की वरच्या हातभर पाण्यातच राहतं आणि पहिली घागर भरणारीला वास मारतो, मग बाया टीसीएल टाकूच देत नाहीत. हा विरोध खरा आहे आणि तो तुमच्या नायकाला पुरून उरेल.

तासभर थांबायचं, मग ओटी टेस्ट. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, पिवळा रंग लगेच रंगपट्टीशी ताडून पाहायचा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरला पाहिजे. उशिरा वाचलं तर रंग गडद होत जातो आणि नसलेला क्लोरीन दिसतो. रोज टाकूनही काही उरत नसेल तर घाण सतत आत येते आहे असं समजा. मग काठ, गटार आणि कठड्याच्या भेगा बघायच्या. धुण्याचा ओटा विहिरीला लागून असतो, त्याचं पाणी भेगेतून परत आत उतरतं. हा ओटा हलवायचा तर तो बांधला कुणाच्या पुढारपणात, पाटी कुणाच्या नावाची, हे आधी ठरवून ठेवा, कारण नायकाचा सामना टीसीएलशी नसून त्या पाटीशी होणार आहे.